टाका

नकाशावर या किनाऱ्याला एका बँकवाल्याचं नाव आहे.
त्यानं जहाजाला पैसे दिले होते,
तो स्वतः इथे कधी उतरला नाही.
आम्ही नुसतं म्हणतो, पाखरं झेलायची जागा;
मे महिन्यात दरडीवरून ती लाखांनी उठतात
आणि काठीला लावलेलं जाळं फक्त वर धरायचं असतं.

ते आले, दोन हिवाळे राहिले,
दिसेल त्या खडकाला नावं ठेवून गेले.
मागे उरला कोळशाचा काळा पट्टा,
पिंपांच्या गंजक्या कड्या,
आणि एक फळी, जिच्यावर आम्ही अजून मांस वाळवतो.

परवा दक्षिणेकडच्या एका संग्रहालयातून फोटो आला.
काचेत दोन बूट. खाली पाटी :
मोहिमेच्या प्रमुखाचे. शिवणारा अज्ञात.
कुणाला काही माहिती असल्यास कळवावे.

बोडिल आत्यानं चष्मा पुसला,
दोन बोटांनी फोटो ताणला, कातडं ताणावं तसा.
"डावरी," ती म्हणाली.
"टाका बघ कसा समुद्राकडे कलतोय.
ही इवालू. माझ्या आजीची आई."

सीलचं कातडं. नार्व्हालच्या पाठीची ओली तात, तिचाच दोरा.
चवड्याशी चुण्या, मोजून अकरा.
तळवा मऊ व्हावा म्हणून तिनं तो रात्ररात्र चावला;
पस्तिशीत तिचे दात हिरड्यांना टेकले होते.
मोबदला : सुयांची पुडी, एक आरसा, आणि बिस्किटांचा डबा,
ज्यात पुढे कितीतरी वर्षं पिसं साठवली गेली.

"म्हणजे तिचे दात ध्रुवापर्यंत जाऊन आले," मी म्हटलं.
आत्या हसली नाही. फोटो आणखी ताणला.
मग मात्र हसली, ठसका लागेपर्यंत.
उजव्या टाचेपाशी चार टाके वेगळेच होते,
बटाट्याचं पोतं शिवावं तसे, जाड सुतळीचे,
बर्फावर कुठेतरी, बधिर बोटांनी, घाईत घातलेले.
"बिचारा," ती म्हणाली. "आई नव्हती वाटतं शिकवायला."

रेंज इथे एकाच जागी येते,
त्यांनी रोवलेल्या क्रूसाच्या पायथ्याशी.
संध्याकाळी गमबूट चढवून आम्ही वर गेलो.
वारा होता. आत्या सांगत गेली, मी लिहीत गेले :
शिवणारी इवालू.
टाचेजवळचे चार टाके, अज्ञात.
कुणाला काही माहिती असल्यास कळवावे.