मर्डॉकचा रस्ता

सभागृहामागच्या खोलीत, जिथे पूर्वी
लोकरीचे नमुने ठेवत, तिथे
प्लायवुडच्या चार फळ्यांवर आम्ही
बंद पडलेली आमची रेल्वे पुन्हा सुरू केली,
एकास चौसष्ट.

आम्ही रुळांची माणसं.
वेळापत्रकावरून, सांध्यांवरून
चहा गार होईपर्यंत भांडणारी.
डोंगर काय, कुणीतरी करेलच,
असं धरून चाललेली.

मर्डॉक गेडीज आला मे महिन्यात,
हिवाळ्याच्या तोंडावर, टोपी हातात घेऊन.
म्हणाला, गाडीतलं मला कळत नाही,
रस्ता मात्र करीन म्हणतो.
पस्तीस वर्षं त्यानं काउंटीचा ग्रेडर चालवला होता
ओटागोच्या त्या उघड्याबोडक्या टेकड्यांतून,
खडीचे रस्ते तासत.

आधी डोंगर. कोंबड्यांच्या जाळीवर
प्लास्टरच्या पट्ट्या, मोडक्या हाताला घालतात तशा.
वाळल्यावर त्यानं टिचकी मारून पाहिली,
कलिंगड पाहावं तशी.
जुना दोरखंड उसवून गवत केलं, चिमटी चिमटी उभं केलं.
झुडपं थाइमची, खरीच, जुन्या मार्गाच्या बांधावरून तोडलेली,
त्यामुळे आठवडाभर खोलीला
ओव्याचा वास.

रस्त्याला सहा आठवडे लागले.
स्वतःच्या फाटकासमोरची माती आणली,
नोलीनच्या फाटक्या पायमोज्यातून तीनदा गाळली.
रस्ता मध्ये उंच, कडांना उतरता.
कडेनं चर. चराला मोरी, सरबताच्या नळीची.
कुणीतरी हसलं: या टेबलावर पाऊस कधी पडायचा, मर्डॉक?
तो म्हणाला, रस्ता पाण्याला विचारून करायचा असतो,
पाऊस पडो न पडो.

आणि मग एका गुरुवारी,
डिंक ओला असताना,
त्यानं खिशातून उवांची फणी काढली
आणि फाटकाआधीच्या वळणावर
आडवी ओढली. परत ओढली.
गुळगुळीत रस्त्याचा पन्हाळी पत्रा झाला.

आम्ही ओरडलोच. अरे, बिघडवलास!

तो मान वर न करता म्हणाला,
सोमवारी मी या मिटवायचो.
पुढच्या सोमवारी पुन्हा हजर.
मेंढ्यांचे ट्रक इथे ब्रेक मारतात ना, इथेच उठतात.
पस्तीस वर्षं मिटवल्या,
माझ्याइतक्या कुणाला पाठ असणार?

हा मॅकस्किमिंगच्या फाटकाचा खड्डा.
हा डावीकडचा, दर वसंतात.
आणि इथे शाळेच्या बसमध्ये
ऐल्साचा दुधाचा दात पडला होता एका गचक्यात,
दंतवैद्याचे पैसे वाचले म्हणून तिच्या आईनं
मला जॅमची बरणी दिली.
मी नेमका त्या आठवड्यात आजारी होतो, ग्रेडर उभा होता.
हे मी तिला सांगितलं नाही.

प्रदर्शनाला अख्खं गाव लोटलं.
गाडी बोगद्यातून आली तशी पोरं किंचाळली,
आम्ही फुगलो.
एक बाई मात्र गाडीकडे बघत नव्हती.
वाकून, चष्मा कपाळावर सरकवून,
ती वळण बघत होती,
आणि तिची जीभ गालाच्या आत
दात चाचपत होती.

आम्ही मर्डॉकला म्हटलं, तुझा ग्रेडर ठेव की रस्त्यावर.
पिवळा, त्यानंच रंगवलेला,
खिशात घेऊन हिंडत होता तो महिनाभर.
म्हणाला, ठेवला तर कामाला लागेल.

पुढे ऑगस्टात एक तार तुटली
म्हणून मी टेबलाखाली शिरलो, डोंगरामागून डोकं काढलं,
भिंतीकडच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही.
तिथे तो उभा होता.
पातं वर उचललेलं, दार उघडं,
आणि पायरीवर
मोहरीएवढा थर्मास.