गट नंबर एकशे बारा

पाटोद्याकडं बालाघाटाची एक सोंड
हवेत पुढं येते आणि थांबते.
पुढं काही नाही, खाली दरी.
पहाटे धुकं भरलं की पोरं म्हणतात, दर्या आला.
दर्या कुणीच पाहिलेला नाही.

जुन्या खासऱ्यात उर्दूत एक ओळ आहे:
तय्यारगाह. सरकारी. पड. फसली तेराशे त्रेपन्न.
माझ्या आधीच्या तलाठ्यानं तिच्यावर चहाचा पेला टेकवला होता,
गोल डाग अजून आहे.

ब्रह्मदेशात लढाई पेटलेली
आणि इथं खडी फोडायला वडार आणले,
दिवसाला सहा आणे, हाली शिक्का.
यल्लव्वा सांगायची, तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं,
म्हणून मोठ्यानं:
"आमाला वाटलं सडक हाय.
पर सडक कड्यालाच सरली.
दरोग्याला इचारलं तर म्हनला,
म्होरली वाऱ्याची."

विमान उतरलं एकदाच, तेल संपलं म्हणून.
गोरा पोरगा, मिशी न फुटलेला,
उतरला आणि कडेला जाऊन ओकला.
त्याला ताक कुणी द्यायचं यावरून
दोन घरांचं बोलणं तुटलं, ते अजून तुटलेलंच.

मग अठ्ठेचाळीसचा भादवा.
पट्टीवर दगडांनी भरलेली पिंपं,
कुणी उतरू नये म्हणून.
पहाऱ्याला गुलाम दस्तगीर, एक शिट्टी, एक कंदील.
विमानं वरून गेली. खाली बघितलंसुद्धा नाही त्यांनी.
पाचव्या दिवशी सगळं संपलं,
सहाव्या दिवशी पट्टीवर गेली
ती गावातलीच माणसं.

इथं यल्लव्वा गप्प व्हायची.
बोटानं पदराचा काठ मोजायची.
मग हळू, पहिल्यांदाच हळू:
"कंदील दिसभर जळत व्हता कड्यावर.
इझवाया कुनी गेलं न्हाई."

वारा दाखवणारी कापडी पिशवी तिनं खांबावरून काढली,
नातवाची नाही, लेकाची दोन झबली झाली.
धुऊन धुऊन विरली, पट्टे गेले नाहीत.

आज पवनचक्कीवाले आलेत, साखळी घेऊन.
खडी अजून घट्ट आहे, पहार उसळते.
कंपनीचा माणूस विचारतो,
साहेब, इतर हक्कात काही नाही ना?

रकाना बोटभर रुंद.
मी पेनाचं टोपण काढून बसलोय.
खाली दर्या भरत चाललाय.