उंबर फोडताना

आई म्हणायची, उंबर फोडून केंबरं उडवू नयेत.
म्हणजे लोकांच्या घरातलं उकरत बसू नये.
आणि खायचंच झालं तर दोन फाकी कर,
फुंकर मार,
डोळे मिटून चाव.

मी मष्णू गावडे. जांबोटीच्या खालच्या अंगाला,
मलप्रभेच्या काठी, झाडावर चढायचे पैसे घेतो.
नारळ, फणस, मध.
यंदा उंबर.

धारवाडची एक पोरगी आली, शांभवी अंगडी,
पिशवीत भिंग, कुंचला, जाडजूड वही,
आणि मलमलीच्या शंभर पिशव्या,
एवढ्याशा, बाहुलीच्या टोपीसारख्या.
म्हणाली, हिरव्या अत्तीला बांधायच्या.
मी म्हटलं, अत्ती नव्हे, उंबर.
"हौदू. उंबर."
हसली नाही.

ओंबिल्यांनी मान फोडून काढली, काखा फोडून काढल्या.
शंभर गाठी मारून खाली उतरलो तर
तिनं भिंग पुढं केलं: बघा तरी, कशासाठी चढलात.

उंबराला बेंबीशी दार असतं.
खवल्यावर खवला, सुई जाणार नाही असं.
तिळाहून बारीक केंबरू तिथं डोकं घालतं
आणि ढकलत राहतं.
पंख दारातच मोडतात.
तिला हे आधी ठाऊक असतं का?
शांभवी म्हणाली, माहीत नाही.
शिकलेल्या माणसाकडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आत फुलं.
फार दिवसांनी भेटलेल्याला आपण म्हणतो,
उंबराचं फूल झालास की रे.
मी ती शेकड्यांनी पाहिली, ओली, फिकट,
एकमेकींना टेकून उभी.
त्यांच्यात ती अंडी घालते,
अंगावरून आणलेले पराग सांडते,
तिथंच मरते.

आणि बाहेर, सालीवर, दुसऱ्याच जातीच्या.
शेपटाला केसासारखी सुई, अंगाहून लांब.
त्या दाराशी जातच नाहीत,
भिंतीतूनच अंडी सोडतात
परक्या पाळण्यात.
चोर, मी म्हटलं.
भाडेकरू, ती म्हणाली. मग जरा थांबून,
"नाव नाही ठेवायचं. नुसतं मोजायचं."

रोज रात्री पडवीत मोजायला बसायचो.
पांढरं ताट, ओला कुंचला, वर बल्ब.
ती ओंदू, एरडू, मूरू.
मी एक, दोन, तीन.
एका उंबरात माझी दोनशे चौदा,
तिची दोनशे सतरा.
तीन कुठली?

ते नर होते.
पंख नाहीत, डोळे असून नसल्यासारखे,
पिवळट, वाकडे,
मी कचरा म्हणून बोटानं पुसलेले.
आपल्याच बायकांसाठी ते भिंत पोखरतात,
भोक पडलं, उजेड आला,
की त्यांचं संपलं.
मी बोटाकडं बघत बसलो.

मग नदीकडच्या फांदीवर एक पिशवी राहून गेली.
चूक माझी. उतरवताना गाठी मोजल्या नव्हत्या.
चार दिवसांनी सापडली. आत उंबर लालबुंद, मऊ,
आणि सगळ्या बाहेर पडलेल्या,
कापडाला चिकटून,
कुटलेल्या मिऱ्यांसारख्या.
बाहेरचं आयुष्य जेमतेम एका दिवसाचं, तिनंच सांगितलेलं.
वारा मिळता तर चंदगडला गेल्या असत्या,
नाहीतर वर कणकुंबीला,
जिथलं उंबर तयार असेल तिथं.
वाटेत एखादी पाटी लागली असती,
अर्धी डांबरानं फासलेली,
तिच्यावर टेकून दम खाल्ला असता.

शांभवीनं त्याही मोजल्या.
तीनशे एक.
ओंदू म्हणताना आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी चढलो.
नवी बांधलेली उंबरं पिकत आलेली.
सात पिशव्या सोडल्या.
काही दिसलं नाही, इतक्या बारीक त्या.
गालावर काहीतरी हललं, बस.

विचारलं तर सांगणार होतो, ओंबिल्यांनी कुरतडल्या.
ती खाली उभी, हातात सात दोऱ्या,
सुटलेल्या, तुटलेल्या नव्हे.
वहीत गोल अक्षरांत काहीतरी लिहिलं.
ते मला वाचता येत नाही, आणि मी विचारलंही नाही.
जाताना पैसे दिले
पुऱ्या शंभर पिशव्यांचे.