एकाच हातानं

पाना-पकडींची पेटी बारा डॉलरला घेतली,
नॅम्पामधल्या एका वारलेल्या प्लंबरच्या अंगणातून.
मीही प्लंबर. पदरी पडलं, पवित्र झालं.
तळाशी रेशमी चिंधी होती, ग्रीसनं माखलेली.
दोन आठवडे हात पुसले मी तिला.
मग एकदा उन्हात धरली
तर मधोमध लाल गोळा
आणि सायकलच्या आऱ्यांसारखी
त्याच्यापासून पळत सुटलेली काळी अक्षरं.

तिथून सुरुवात.
आता एकतीस निशाणं आहेत,
तळघरात, सपाट खणांत, आम्लरहित कागदात.
भाव पाठ आहेत मला:
नुसतं रेशीम असलं तर इतके,
देवळाचा शिक्का असला तर इतके,
वाघ काढलेला असला तर विचारूच नका.
डाग असला की भाव चढतो.
डाग आणि भोक एकाच जागी आलं
तर विकणारा आवाज खाली आणून बोलतो,
आणि मीही.

वाचता मात्र ओ की ठो येत नव्हतं.
कडेची चार मोठी अक्षरं तेवढी ओळखीची,
बहुतेकांवर तीच:
रणात तुझं दैव दीर्घकाळ टिको.
टिकलं असतं
तर निशाण माझ्या तळघरात आलं नसतं.

बीटच्या मळ्यावर योशिनो हिरातानी राहतात.
जन्म इथला, शाळा आजोळी, समुद्रापलीकडे.
त्यांच्या मोरीचा नळ बदलून दिला,
पैसे घेतले नाहीत. त्याबदल्यात वाचन.
त्या अर्थ सांगत नाहीत, माणसं सांगतात.
हा मास्तर, फळ्यावर लिहिल्यासारखं लिहितो.
हा घाईत होता, गाडी सुटत असेल.
हे पोराचं अक्षर, शेपूट उलटीकडे गेलंय.
पहिल्या निशाणावर त्यांनी नुसतं बोट फिरवलं.
ग्रीसखाली नावं आहेत, म्हणाल्या,
पण ती आता तुझी.

एकोणिसाव्याला थांबल्या.
"हे सगळं एकाच हातानं लिहिलंय."
मी शिवी गिळली. सातशे डॉलर.
एक हात म्हणजे बनावट,
हे कच्च्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं.
त्यांनी चष्मा पुसला.
"असेलही. कुठल्याशा बेटावर बसून
खलाशांना विकायला कुणी रंगवलं असेल.
पण ठकवणारा येतील ती आडनावं ठोकून देतो.
इथं बघ: गोठ्याजवळची काकू.
पुलावरचा आंधळा मालिशवाला.
आणि ही मात्सु. नुसतीच मात्सु.
बहीण असेल, नाहीतर कुत्री."

बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
"स्टेशनवर याला पोचवायला कुणी आलंच नसेल.
बोटीत बाकीचे आपापली निशाणं उलगडून बसले असतील.
यानं शाई मागून घेतली असेल कुणाकडे तरी."

मी विचारलं, म्हणजे खरं की खोटं?
त्या उठल्या, मोरीत जाऊन नळ पाहिला.
गळत नव्हता.
परत येऊन बसल्या.

माझ्या वहीत रकाना आहे: अस्सल, नक्कल.
तीस ओळी भरल्यात.
बॉइझीचा एक जण दोनशेला मागतोय,
खोट्यांचाच संग्रह करतो म्हणे तो.
हो म्हणालो होतो.
पुडकं बांधलं, पत्ता घातला, तिकिटं चिकटवली,
आणि सोमवारपासून ते
व्हॅनच्या पुढच्या सीटवर माझ्याबरोबर हिंडतंय,
बायकांच्या तुंबलेल्या सिंकांपासून
शाळेच्या फुटलेल्या पाइपापर्यंत.

दुपारी डबा खाताना
पाइपाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर गिरवतो.
मात्सु दोन अक्षरांत होतं.
सोपं आहे, म्हणाल्या होत्या त्या.
माझं पहिलं अक्षर अजून उभं राहत नाही,
एका अंगावर कलतं,
दाराशी बसून कुणाची तरी वाट पाहणाऱ्यासारखं.
बहीण असेल.
नाहीतर कुत्री.