मिठाला जागणं

सुरुवात डाव्या हातापासून झाली.
गाल ओढला जायचा, दंड झटकायचा,
क्षणभरच,
कुणी बाही धरून हाक मारावी तसा,
आणि लेस विणायच्या लाकडी टिपऱ्या
खडखडत फरशीवर.
दिवसातून चाळीस वेळा.
आई म्हणाली, वाऱ्यामुळे.
कामारिन्यासचा वारा फेब्रुवारीत असंच करतो.

मग एका दुपारी तिनं सलगमच्या पाल्याच्या रश्शात
तीनदा मीठ घातलं,
आणि चौथ्यांदा डब्याकडे हात नेला.
त्याच आठवड्यात रिपोर्ट आला: रक्तात मीठ कमी.
मी हसलेच.
जिच्या खिडकीच्या काचेवर बोटानं नाव लिहावं
इतका खार साचतो,
तिच्या अंगात मीठ कमी?

कोरुन्याच्या इस्पितळात डॉक्टर ब्रेइशोनं
जेवणाच्या यादीच्या पाठीवर मेंदू काढला.
आत खोल एक वळलेला तुकडा.
याला समुद्रघोड्याचं नाव आहे, म्हणाला,
आजचा दिवस उद्यापर्यंत इथंच धरून ठेवतात.
पेशी आणि पेशी यांच्या फटीत
एक प्रथिन असतं, दोन्ही काठ पकडून.
त्यानं आईच्या उशीकडे पाहिलं.
टाचणीसारखं, म्हणाला.
तुमच्या आईचं रक्तच त्या टाचण्या उपटतंय.

शत्रू, पहारेकरी, लढाई
असलं काही तो बोलला नाही,
त्याची मी अजून ऋणी आहे.
का उपटतंय, विचारलं.
माहीत नाही, म्हणाला,
आणि पेनाचं टोपण लावत बसला.

रात्री तिच्या खाटेपाशी मला राहून राहून वाटायचं,
सहाव्या वर्षी आईला गोवर आला होता.
तिच्या रक्ताला तो अजून पाठ आहे,
साठ वर्षांनी दारात आला तरी
ते त्याला नावानिशी ओळखेल.
एवढी दांडगी आठवण,
आणि त्याच अंगात
सकाळी कोण भेटून गेलं ते दुपारी नाही.
उभ्या आयुष्याचं मीठ खाल्लेलं रक्त,
आणि मिठाला जागलं नाही.
का फारच जागलं?
घरचीच माणसं त्याला परकी दिसेपर्यंत?

पाच वेळा तिचं रक्त नळीतून बाहेर काढलं,
त्यातलं पिवळं पाणी पिशवीत सोडलं,
दुसऱ्यांनी दिलेलं पिवळं पाणी आत घातलं.
कुणाचं असेल?
आई म्हणाली, लुगोकडच्या कुणाचं तरी,
जड वाटतंय, डोंगराकडच्या भाकरीसारखं.

झटके आधी थांबले.
आठवण मागून, लंगडत.
मी घरून गवताची उशी आणली,
टोचलेला पुठ्ठा, बेचाळीस जोड्या टिपऱ्या.
तिला वार माहीत नव्हता,
हातांना तो लागत नव्हता.
पीळ, ओलांड, पीळ, टाचणी,
बोटं आपली घरच्या वाटेनं चालत होती,
ती मात्र खिडकीबाहेर बघत,
दुसऱ्याच्या गाडीत बसल्यासारखी.

दुसऱ्या सकाळी विचारी, हे कुणी केलं?
तू.
मी? इथं दोन फेरे जास्त ओढलेत.
मी असं करत नाही.
आणि तेवढं उसवून पुन्हा विणी.
अकरा सकाळी हेच.
तीच जागा, तेच दोन फेरे, तोच राग.
मी मोजत होते, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

बाराव्या दिवशी तिनं त्या फेऱ्यांवर नख ठेवलं.
बराच वेळ.
हे कालचंच आहे, म्हणाली.
काल.
मी बाहेर व्हरांड्यात जाऊन
यंत्रातली महाभयंकर कॉफी प्यायले, दोन कप.

आता ती घरी आहे. मीठ नेमकं, गोळ्या चार.
मागचं अख्खं वर्ष गेलं ते गेलंच,
आणि आल्दाराचं नाव अजून जिभेवर येत नाही.
नातीला ती हाक मारते,
ए, लाल बुटांची.
बूट कधीच लहान झाले.
पोरगी ते टाच दुमडून घालते,
आणि ओ देते.