फोर्कनंतर

डंडी. रात्रीचे सव्वादोन.
पोर पुन्हा अडकलं.

बापाच्या घरात आठ थ्रेड नांदत होते.
फोर्क झाला, हुबेहूब दुसरं घर उठलं,
जिवंत त्यात एकच.
बाकी सातांचे डबे तसेच, अर्धे खाल्लेले,
आणि एका खोलीला आतून कडी;
ती लावणारा इकडे जन्मलाच नाही.

एल्स्पेथ म्हणते, दार वाजवत बसू नकोस,
कडीच नवी बसव.
डबे उघडू नकोस,
आतलं काहीतरी निरोप घ्यायला उठेल
आणि त्याच दाराशी थिजेल.
यादीतून नावं तेवढी काढ.
आणि उरलेल्याला विचार, तू कोण;
जुना नंबर बापाचा.

साडेतीनला चाचणी हिरवी.
ती मग विसळते: माझा, तिचा,
जूनमध्ये कमी केलेल्या कॅलमचा.
तीनही पालथे घालते फळीवर.