मनोरा क्रमांक दोन

शिडीला अकरा पायऱ्या. नववी सैल आहे.
वर चार फळ्यांचं मचाण, निळ्या ताडपत्रीचं छप्पर
आणि एक खुर्ची, तीही कुणाच्या तरी ढिगातूनच आलेली.
सकाळी सहाला मी चढते.
थर्मासात चिकोरीची कॉफी,
अंगात नारिंगी जाकीट, पाठीवर परगण्याचं नाव.

वादळाआधी मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते.
तिथेही मापच: दोनशे दहा ताटं, एकेक डाव भात.
आता खाली ट्रक येऊन थांबतो,
मी वाकून त्याच्या पोटात बघते
आणि आकडा सांगते.
एवढंच काम. ताशी चौदा डॉलर.

ट्रकच्या कुशीवर पाटी असते: बेचाळीस घनयार्ड.
पण फांद्या फांद्यांवर रेलून उभ्या राहतात,
मध्ये हवा.
हवेचे पैसे परगणा देत नाही. ती वजा करायची.
प्रशिक्षणात डेल्फिनबाई म्हणाल्या होत्या,
भरलेलं कुणालाही दिसतं, तुम्ही रिकामं बघायला शिका.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मीच असेन.

क्लोव्हिस रोज भांडतो.
"साठ? एल्झिना, काठोकाठ भरलाय!"
"कोपरे बघ तुझे."
तो टोपी काढून डोकं खाजवतो.
त्याचे हप्ते थकलेत, मला ठाऊक आहे,
त्याची आई चर्चमध्ये माझ्या पुढच्या रांगेत बसते.
तरी साठ. मापात पाप नको.
उद्या वॉशिंग्टनहून कुणी दप्तर उघडायला येईल
तेव्हा चिठ्ठी-चिठ्ठीवर सही माझी निघेल.
एका चिठ्ठीच्या पाच प्रती.
पाचवी गुलाबी, तिच्यापर्यंत अक्षर पोचतच नाही.

झाडं वेगळी, घरं वेगळी.
फ्रीज वेगळे, तोंडाला चिकटपट्टी बांधलेले,
उन्हात ओळीनं उभे,
आणि कुणीही ती पट्टी काढायची नाही.
परवा ओकच्या फांदीला लटकलेला झोपाळा आला.
झाड की घर?
दहा मिनिटं वायरलेसवर खल झाला.
शेवटी झाड.

गुरुवारी, सव्वादोनला,
क्लोव्हिसनं चिठ्ठी वर धरली. रस्ता: हेरन लेन.
माझा.

रस्त्यापासून पंधरा फुटांच्या आतलंच उचलतात,
म्हणून रविवारी मी आणि ओनेझिमनं
मोजपट्टी टाकून सगळं रेघेच्या आत ओढलं होतं.
भिजलेल्या गाद्या. सोलून काढलेल्या भिंती.
स्वयंपाकघराची हिरवी फरशी, गुंडाळी करून.
न्हाणीतला टब तेवढा दोघांना हलेना,
शेजारचा मुलगा आला, मग हलला.
त्या टबात दोन वर्षं मी आईला अंघोळ घातली.
ती पाण्याला घाबरायची. आधी माझा हात बुडवून दाखवावा लागे.

वरून बघितलं तर टब पालथा.

पालथ्या टबाखाली हवा असते.

क्लोव्हिस आज भांडला नाही.
टोपी हातात धरून म्हणाला, "तू सांगशील ते."
त्याला वाटलं, मी शंभर म्हणेन.
मलाही क्षणभर वाटलं.
कोण बघणार होतं? डेल्फिनबाई दुसऱ्या मनोऱ्यावर.
"सत्तर," मी म्हणाले.
"सत्तर?"
"टब पालथा आहे."

तो ट्रक घेऊन ढिगाकडे गेला.
पोकलेननं हात खाली घातला.
मी तिकडे पाठ करून बसले, कारण चिठ्ठ्या लावायच्या होत्या.
पांढरी परगण्याची, पिवळी ठेकेदाराची,
कुठली कुणाची ते मला झोपेतही सांगता येतं.
गुलाबी माझी.
नेहमीप्रमाणे कोरी.
तिच्यावर पेन रुतवून पुन्हा लिहिलं:
हेरन लेन. दोन पंधरा. सत्तर.

मागच्या ट्रकनं दोनदा हॉर्न दिला.